अण्णाराव पाळक आणि दुसऱ्याची प्रार्थना

उमरग्यापासून दोन कोसांवर आमचं गाव आणि गावकुसाबाहेर आमचं पत्र्याचं चर्च. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती, पण चर्चमध्ये अजून एकाच माणसाचं राज्य होतं. ते आमच्या पाद्रीबाबांचं, अण्णाराव पाळकांचं. घंटा तेच वाजवायचे, पेटी तेच, उपदेशही तेच करायचे आणि उपासना संपल्यावर जाजमही तेच झटकायचे. दुसऱ्याच्या हातून जाजमाची धूळ नीट निघत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

माणूस सोन्यासारखा. कुणाचं पोर तापलं की भर उन्हात सायकल हाणत यायचे. पण एक खोड जबर. दुसऱ्याची प्रार्थना ते पुरी होऊ द्यायचे नाहीत. कुणी डोळे मिटून देवाशी दोन वाक्यं बोललं, की "व्हय प्रभू, आणिक..." म्हणत हे मधेच शिरायचे आणि शेवटालाच जाऊन थांबायचे.

एकदा सोलापूरचे मोठे पाळक आले आणि म्हणाले, "अण्णाराव, ईस्टरनंतर तुमची नळदुर्गाला बदली. इथं दुसरा पाळक मिळणार नाही. गावातली माणसं तयार करा. त्याआधी सुगीच्या उपासनेला मी येईन. तुमच्याविना उपासना पार पडली तर ठीक, नाहीतर हे चर्च बंद. लोकांनी उमरग्याला जावं."

उमरग्याला जायचं म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांनी उपासना सोडायचीच.

अण्णारावांनी उत्तरेश्वर गाडीवानाला निवडलं. बाप्तिस्मा झाला तरी त्याचं नाव महादेवाचंच राहिलं होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. रोज संध्याकाळी शिकवणी. उत्तरेश्वर सुरू करायचा, "हे बापा, ह्या गावाला, ह्या मंडळीला..." की इकडून "व्हय प्रभू, आणिक..." झालंच चालू! तो बिचारा हात जोडून ऐकत बसायचा. मला तर संताप यायचा. पोहायला शिकवणाराच दरवेळी विहिरीत उडी टाकणार असेल, तर काठावरच्यानं शिकायचं काय?

सुगीच्या उपासनेच्या सकाळी पाळकांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, नवऱ्याला दारातच गाठलं.

"आवं, आज तोंड उघडलंत तर माझी आण हाय तुमाला."

"ख्रिस्ती माणसानं आण घेऊ नये, महादेवी."

"तुमी घिऊ नगा. म्या घातलीया. नुसतं गप बसा."

सुगीला आमच्यात ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या असं अर्पण आणतात. पाळकांचे हात मोकळे राहू नयेत म्हणून महादेवीबाईंनी म्हाताऱ्या हरणाबाईची कोंबडी त्यांच्या मांडीवर दिली, आणि बायकांची बाजू सोडून स्वतः पहाऱ्याला शेजारी बसल्या.

सोलापूरचे मोठे पाळक येऊन माझ्या शेजारी बसले. सुरुवात बरी झाली. उत्तरेश्वरनं गाणं म्हटलं, अडखळत का होईना वचन वाचलं. मग प्रार्थना. "हे बापा, ह्या गावाला, ह्या मंडळीला..." आणि तो थांबला.

का थांबला, ते आम्हाला लगेच कळलं. यापुढं तो कधी गेलाच नव्हता. यापुढं पाळकसाहेब असायचे.

अण्णारावांचे ओठ "व्हय प्रभू"साठी हलायला लागले. त्यांनी कोंबडी अशी आवळली की ती केकाटली. उत्तरेश्वरनं एक डोळा उघडून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं हरणाबाई बोलली, "आन् बापा, आजाऱ्याला उठीव." मागच्या रांगेतला पंचाक्षरी म्हणाला, "कोर्टात गेलेल्या भावांना एका ताटात जेवीव." आणखी कुणी तरी, "पाटलाचंबी भलं कर." सगळं अण्णारावांच्याच प्रार्थनेतलं होतं. इतकी वर्षं ऐकून आमचं ते पाठ झालं होतं आणि आम्हालाच ठाऊक नव्हतं. मग उत्तरेश्वरला धीर आला. त्याला स्वतःचं काही सापडलं. "आन् बापा, आमच्या पाळकसाहेबास्नी नळदुर्गात करमू दे. जाताना त्यास्नी रडू यील. यिऊ दे, पर लई न्हाय."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मोठे पाळक माझ्याकडं झुकून म्हणाले, "राहिलं तुमचं चर्च."

अण्णाराव मात्र तसेच बसले होते. मांडीवर कोंबडी, डोळ्यांत पाणी. बायकोला हळूच म्हणाले, "महादेवी, आता माझं काय काम उरलं?"

"आमेन म्हना की," महादेवीबाई म्हणाल्या. "लोक थांबल्यात."

आणि अण्णाराव पाळकांनी दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं.