ऑर्विलने विणलेल्या जाळ्या

माझा धाकटा भाऊ ऑर्विल हेनहॉक हा हेरन्स नावाच्या संघाबरोबर चौदा हंगाम होता, पण तिकीट काढून सामना बघायला येणाऱ्यांपैकी कुणाला त्याचं नाव माहीत असेल असं मला वाटत नाही. तो खेळाडू नव्हता. सामना चालू असताना खेळाडूंच्या बाकापुढचं दार उघडायचं आणि लावायचं, आणि एरवी सगळ्यांच्या काठ्यांच्या जाळ्या विणायच्या, ही त्याची दोन कामं.

दार उघडण्यात काय मोठंसं, असं वाटतं. पण बंदिस्त मैदानातल्या लॅक्रॉसमध्ये, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू मारायच्या खेळात, पोरं पाऊण मिनिट जीव तोडून पळतात आणि बाकाकडे झेपावतात. तेवढ्यात दुसरी आत गेली पाहिजेत. दार जरा उशिरा उघडलं की पलीकडे गोल झालाच म्हणून समजा. ऑर्विल म्हणायचा, "ताई, माझा हात कडीवर असतो आणि डोळे त्यांच्या गुडघ्यांवर. गुडघा दमला की मला आधी कळतं, त्या पोराला मागनं."

जाळीचं काम त्याहून नाजूक. काठीच्या टोकाला प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात चामड्याच्या चार उभ्या पट्ट्या, आणि त्यांच्यातून आडवी विणलेली दोरी. चेंडू तिच्यातच झेलायचा आणि तिच्यातूनच मारायचा. वीण जास्त सैल झाली तर चेंडू अडकून पायाशी आपटतो, घट्ट झाली तर गोलाच्या वरून प्रेक्षकांत जातो. शिवाय प्रत्येकाची खोड वेगळी. पश्चिम किनाऱ्याहून दर शुक्रवारी विमानाने येणारा मॅकलिश नावाचा लांबट पोरगा होता, त्याला जाळी इतकी खोल लागायची की ऑर्विल त्याला म्हणे, "काय रे, चेंडू ठेवायचा आहे का बटाटे?"

तरुणपणी तो स्वतः खेळला. आमच्या मूळनिवासी वस्तीवरच्या ओस्वेकन गावात, जुन्या मैदानावर, त्याला पाहिलेली माणसं अजून आहेत. मोठ्या संघाने त्याला दोनदा चाचणीला बोलावलं आणि दोनदा परत पाठवलं. मग आमच्याकडचे बरेच पुरुष जातात तसा तो लोखंडावर गेला, उंच इमारतींचे सांगाडे जोडायला. बावीस वर्षं त्याने ते केलं. डोरीन, त्याची बायको, गेली तेव्हा तो खाली उतरला तो कायमचा, आणि आमच्या अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायला आला. त्यानंतर हेरन्स. संघातली आमच्या वस्तीवरची पोरं त्याला मामा म्हणायची. आमच्यात कूळ आईकडून येतं, तेव्हा मामाचा शब्द बापाच्याही वर. मामाला उलटून बोलायची रीत नाही.

गेल्या डिसेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात, मी त्याच्याकडे भाकरी घेऊन गेले तर दोरीचं टोक भोकात जात नव्हतं. त्याने ते तोंडात धरून ओलं केलं, मी मणी ओवताना करते तसं. तरी जाईना.

"कारखानेवाले भोकं लहान करायला लागलेत," तो म्हणाला.

"हात दाखव."

"हात काय दाखव? तू काय ज्योतिषी आहेस?"

मी हात धरला. तो थरथरत होता, थांबवला तरी थांबत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे बरं होत नाही, हळूहळू वाढत जातं, असंही सरळ सांगितलं. परत येताना गाडीत ऑर्विल म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. तुझ्या नॉर्मनलासुद्धा."

नॉर्मनला मी त्याच दिवशी सांगितलं. नवऱ्यापासून लपवायची मला सवय नाही, आणि त्याच्या पोटात गोष्ट राहते, कारण तो ती विसरतो.

आजाऱ्यासाठी आमच्यात खेळ मांडतात. गावातले पुरुष लाकडी काठ्या घेऊन त्या माणसाच्या नावाने खेळतात, आणि त्याला बळ येतं. मी ऑर्विलला म्हटलं, मांडू या. तो म्हणाला, "माझ्या हातांसाठी खेळ मांडला की सगळ्यांना माझ्या हातांचं कळलं. मग जाळ्या कोण देईल मला विणायला?" त्याचा जीव तेवढ्यात होता. दुखण्याची त्याला एवढी भीती नव्हती.

जानेवारीत मध्यहिवाळ्याचे विधी संपले आणि टायरेल आमच्याकडे मक्याचं सूप प्यायला आला. टायरेल जनरल हे त्याचं पूर्ण नाव, आमच्याच कासव कुळातला. हेरन्समध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस तो शाळेत व्यायाम शिकवतो. त्याच्या हातात पहिली काठी दिली ती ऑर्विलने. त्या दिवशी दोघांनी एकमेकांची भरपूर खेचली. मग ऑर्विल बाहेर गाडी गरम करायला गेला, आणि टायरेलने चमचा खाली ठेवला.

"मावशी, मामाच्या जाळीला काय झालंय?"

"का रे?"

"चेंडू वर जातोय. एकदा वर, एकदा डावीकडे. पहिले दोन सामने आम्ही रेटून नेले. आता सगळ्यांनी शहरातल्या एका दुकानातून दुसऱ्या काठ्या विणून आणल्यात. मामाच्या तशाच घडवंचीवर उभ्या करतो, आणि शुक्रवारी परत त्याच्याकडे देतो. सैल झाली म्हणतो, नीट करून दे म्हणतो."

"न वापरलेली?"

"मग काय सांगू? मामा, तुझं काम बिघडलं, असं? मी सांगू?"

मी त्याला म्हटलं, सांगू नकोस. हे मी म्हटलं. पुढे जे झालं त्यात माझा वाटा इथून सुरू होतो.

संघ जिंकत गेला. अठरांतले बारा सामने जिंकून ते बाद फेरीत पोचले, आणि ऑर्विल दर शुक्रवारी काठ्यांचा भारा घेऊन घरी येत राहिला. त्याला वाटे, हात कापत असले तरी आपण विणलेल्या जाळ्या जिंकून देतायत. एप्रिलमध्ये मात्र त्याची बोटं इतकी आखडली की एका काठीला दोन दिवस लागले. उपांत्य सामन्याच्या दहा दिवस आधी तो टायरेलची काठी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला आणि ती टेबलावर न ठेवता दाराशीच घेऊन उभा राहिला.

"ताई, तुझी बोटं मण्यांची आहेत. मी सांगतो तसं ओढ. फक्त ही एक."

मी मागे सरले. पुरुषाच्या काठीला बाईने हात लावायचा नाही, हे मला माझ्या आजीने सांगितलं आणि मी साठ वर्षं पाळलं. मुलांच्या काठ्या वाटेत पडलेल्या असायच्या, तेव्हा मी वळसा घालून जायचे.

"हे प्लॅस्टिक आहे गं," तो म्हणाला.

"काठी ती काठी."

"बरं," तो म्हणाला आणि गेला. पुन्हा विचारलं नाही.

तीन दिवस मी सकाळची आभाराची प्रार्थना म्हटली आणि माझं चित्त त्यात नव्हतं. आमच्यात देवापाशी मागत नाहीत. माती, पाणी, मका, वारा, चंद्र, एकेकाचं नाव घेऊन आभार मानायचे, बस. आणि मी चंद्राचे आभार मानता मानता मधेच म्हणायचे, टायरेलला ती काठी एकदा उचलू दे. लाज वाटायची, तरी म्हणायचे.

चौथ्या दिवशी हेझल आजीकडे गेले. लांबघरातले, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या लांबट लाकडी घरातले, विधी त्या सांभाळतात. राखेच्या पाण्यात उकडलेला मका टोपलीत धूत बसल्या होत्या.

"लाकूड आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, प्लॅस्टिक."

"काठीसाठी हिकरीचं झाड तोडताना आपण त्याचे आभार मानून तिथे तंबाखू ठेवतो. प्लॅस्टिकपाशी ठेवलेला पाहिलास का कुणी?"

"नाही."

"काठी कुणाची?"

"टायरेलची."

"मग टायरेलला विचार. मला काय विचारतेस? माझे गुडघे बघ, मी कुठे खेळायला निघालेय?"

टायरेलला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो कदाचित नको म्हणाला असता, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑर्विलच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, आण इकडे. त्याने माझ्यासाठी खुर्ची उजेडाकडे वळवली. आम्ही दुपारपर्यंत बसलो. "पहिली गाठ बाहेरून. हं. आता दोन पट्ट्यांमधून. ओढ. एवढं नको ओढूस, गाय बांधायची नाही आपल्याला." मी चिडले की तो हसायचा. शेवटी त्याने जाळीत चेंडू टाकला, कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाला, "ही बसली." डोरीन गेल्यापासून त्याचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. जाळी खरंच चांगली झाली होती. आजही मी तेच म्हणेन.

उपांत्य सामना रविवारी दुपारी होता. मी बाकाच्या मागे तिसऱ्या रांगेत बसले. सामन्याआधी पोरं आपल्या गोलरक्षकावर चेंडू मारून सराव करतात, तेव्हा टायरेलने ती काठी उचलली. मी पुढे झुकले. त्याने एक मारला, तो आत गेला. दुसराही गेला. मग त्याने ती काठी घडवंचीवर नीट उभी केली आणि दुसरी घेऊन मैदानात गेला.

ऑर्विल दाराशी होता. त्याने टायरेलच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, मग घडवंचीकडे. चेंडू बसून बसून चामड्याच्या पट्ट्या काळ्या पडतात. त्याने विणलेल्या एकोणीस काठ्यांच्या पट्ट्या नव्याकोऱ्या होत्या, पिवळ्याधमक. त्या कुणी वापरल्याच नव्हत्या. चार महिने त्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या, पण घरी त्याचे डोळे आपल्या बोटांवर असायचे आणि मैदानावर पोरांच्या गुडघ्यांवर.

सामना सुरू झाला आणि त्याने दार उघडलं. साठ मिनिटं तो ते उघडत राहिला, कापऱ्या हाताने, आणि एकदाही त्याला उशीर झाला नाही. हेरन्स जिंकले. टायरेलने पाच गोल केले, पाचही दुकानात विणलेल्या काठीने. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

परतताना गाडी मी चालवत होते. नदीपाशी आलो तेव्हा ऑर्विलने विचारलं.

"कधीपासून?"

"जानेवारी."

"तुलाही माहीत होतं."

"हो."

"आणि तरी तू बसलीस माझ्याबरोबर. काठीला हात लावलास."

"मला वाटलं, नीट झाली तर तो उचलेल."

त्याने खिडकीची काच पुसली. मग म्हणाला, "सूप आहे का काही घरी?"

शुक्रवारी तो गेला नाही. पुढच्या आठवड्यात परगावी झालेल्या अंतिम सामन्यात हेरन्स दोन गोलांनी हरले. आम्ही तो रेडिओवर ऐकला. दार कोण उघडत होतं कोण जाणे.

दोन दिवसांनी टायरेल आला. अंगणातच उभा राहिला, टोपी हातात. ऑर्विल पायरीवर बसला होता.

"मामा, मला तोंडावर बोलता आलं नाही."

"ते दिसलं."

"तू मामा आहेस. कसं बोलणार?"

ऑर्विल म्हणाला, "बस. लोखंडावर एखाद्याचा पाय लटपटला ना, की आम्ही त्याला त्याच तासाला खाली उतरवायचो. शिव्या देऊन. त्याचा बाप असो, मामा असो. तो रडायचा, आठवडाभर बोलायचा नाही, पण जिवंत राहायचा. तुम्ही सगळ्यांनी मला वरच ठेवलंत. मी आपला वरून हात हलवतोय लोकांना."

टायरेल रडला. ऑर्विलने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात कापत होता म्हणून टायरेलची पाठही हलत होती. मी आत गेले. भाकऱ्या थापत बसले. सांगू नकोस असं मी म्हटलं होतं, हे मी तेव्हाही बोलले नाही. ऑर्विलला पुढे सांगितलं. तो म्हणाला, "तू नसतं म्हटलंस तरी त्याने सांगितलं नसतं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला.

आता मे संपत आलाय. संघाने जाळ्यांच्या कामाला दुसरा माणूस घेतला, त्या दुकानातलाच. संघाच्या व्यवस्थापकांनी फोन करून विचारलं, ऑर्विल त्याला चार गोष्टी सांगेल का? मला वाटलं, हा फोन आपटणार. पण तो म्हणाला, "त्याला बोटं असतील, पण पोरं कुठे माहीत आहेत? ताई, लिहून घे."

म्हणून आज सकाळी मी माझी रोजची वही घेऊन त्याच्याकडे बसले आणि हे सगळं लिहिण्याआधी ते लिहिलं. मॅकलिश, खोल, पण टोकाशी घट्ट, नाहीतर रुसतो. गोलरक्षक, दोरी मेण लावून, दर तीन सामन्यांनी बदलायची, तो सांगणार नाही, आपण विचारायचं. धाकटा सँडी, खांदा दुखतो त्याचा, जाळी हलकी ठेव. एकेकाबद्दल तो असं बोलत होता की मला लिहायला पुरेना. हात मांडीवर उड्या मारत होते, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. अठरा नावं झाली.

"आणि टायरेल?" मी विचारलं.

अंगणात नॉर्मन गवत कापायचं यंत्र सुरू करत होता आणि ते सुरू होत नव्हतं.

"त्याचं पान कोरं सोड," ऑर्विल म्हणाला. "त्याला आता कशी लागते, ते मला माहीत नाही."