लिंबाच्या कुंडीवर धूर

मामा आरोग्य खात्यात आहेत, असं आई लोकांना सांगायची. ते खोटं नव्हतं. खात्यात ते डासांसाठी धूर मारायचे. खांद्याला पट्ट्याने अडकवलेलं मशीन, पुढे लांब नळी, नळीच्या तोंडातून पांढरा धूर, आणि आवाज असा की समोरच्याचे ओठ नुसते हलताना दिसावेत. वर्षानुवर्षं त्या आवाजात काढल्यामुळे मामांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते स्वतः मोठ्याने बोलायचे. घरातलं काही खाजगी निघालं की मामी म्हणायची, "हळू बोला हो. माझ्या आधी गल्लीला कळायला नको."

गल्लीतली पोरं त्यांना 'ढग' म्हणत. "ढग आला रे!" करत ती धुरात शिरायची. मामा मशीन बंद करून ओरडायचे, "अरे, पोटात जाईल ते! अत्तर आहे का?" पोरं पांगायची आणि मशीन सुरू झालं की परत यायची. आपण जे घेऊन फिरतो त्याने काहीतरी मरतं, हे मामांनी कधी लपवलं नाही. मरतात ते डास, असं त्यांना सांगण्यात आलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं. माणसाला रोज उठून कामावर जायचं असेल तर काहीतरी मानून चालावंच लागतं.

मामी जिन्यावरून पडली तेव्हापासून तिचे पाय गेले. कमरेखालचं शरीर तिच्याबरोबर होतं, पण तिचं नव्हतं. त्यांची खोली तळमजल्यावर. एक दार, एक ओटा, मागे मोरी, आणि रस्त्याच्या अंगाला एक खिडकी. मामांनी पलंग सरकवून खिडकीला लावला. बाहेर गजांच्या खालच्या कट्ट्यावर लिंबाची कुंडी होती. मामीने ती हौसेने लावली होती, तिला चालता येत होतं त्या काळात. त्या झाडाला लिंबू कधी धरलं नाही. धरल्या त्या अळ्या.

पहिली अळी दिसली तेव्हा मामीला वाटलं, पक्ष्याची घाण पडली आहे. "तेवढं पान पुसा," ती म्हणाली. मामा ओलं फडकं घेऊन गेले, तर घाण पुढे सरकली. मग मामीचा वेळ त्या कुंडीत जाऊ लागला. अळी कात टाकून हिरवीगार झाली. बोट लावलं की तिच्या डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं निघायची आणि उग्र वास सुटायचा.

"राग आला की शिंगं काढते," मामी म्हणाली.

"तुझ्याच वळणावर गेलीये."

"माझ्या रागाला वास नसतो."

"असला तरी मला कुठे कळणार? नाक कधीच गेलं माझं."

त्यावर मामी हसली, पण फार नाही. मामांच्या नाकातून जग हळूहळू निघून गेलं होतं, हे तिला माहीत होतं. दूध करपलं तरी त्यांना समजत नसे.

रस्त्यापलीकडे तेव्हा एक मोकळी जागा होती. घाणेरीची झुडपं, वाढलेलं गवत, कुणी फेकलेला एक कमोड, आणि त्या सगळ्यावर दिवसभर फुलपाखरं. पिवळी, पांढरी, काळ्यावर पिवळे ठिपके असलेली. त्यातलीच कुणी रस्ता ओलांडून येऊन मामीच्या लिंबावर अंडी घालून जायची. मामीला ती येताना दिसायची, जाताना दिसायची. तिला बघायचं होतं ते मधलं. आपल्या कुंडीतली अळी कोश करते, कोश फुटतो आणि त्यातून उडणारं काहीतरी बाहेर पडतं, हे एकदा डोळ्यांसमोर घडलेलं.

"एकदाच," ती मामांना म्हणाली. "मग काही मागणार नाही."

"याआधी कधी मागितलंस?"

"म्हणूनच तर आता मागतेय."

पण अळ्या मरत होत्या. मोठ्या व्हायच्या, आता कोश करतील असं वाटायचं आणि एका सकाळी पानाला मागच्या पायांनी लटकलेल्या, काळ्या, चिंधीसारख्या मऊ झालेल्या दिसायच्या. मामांनी कुंडी उन्हातून सावलीत सरकवली, सावलीतून उन्हात. मुंग्यांसाठी खाली पाण्याची ताटली ठेवली. काही उपयोग झाला नाही.

कारण घरातच होतं. कामाचा गणवेश घरी नेऊ नये, खात्यातच धुवावा, असा नियम होता. पण खात्यातल्या नळाला पाणी नसायचं. मग सगळे आपापले कपडे घरी आणत. मामा आल्याबरोबर मोरीत जाऊन स्वतः शर्ट-पँट खळबळून काढायचे आणि खोलीत वास कोंडू नये, मामीला ठसका लागू नये, म्हणून खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत घालायचे. कुंडीच्या बरोबर वर. बाह्यांतून थेंब गळायचे. "तेवढंच झाडाला पाणी," असं ते म्हणायचे.

मामीच्या ते आधी लक्षात आलं. बाहीचा एक थेंब पानावर पडला, तिथली अळी पिळवटली, हिरवं पाणी ओकली आणि ताठ झाली. हे मामीने पडल्या पडल्या पाहिलं. ज्या माणसाने तिच्या श्वासासाठी म्हणून कपडे बाहेर टाकले, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? काही दिवसांनी ती म्हणाली, "शर्ट दुसरीकडे वाळत घालत जा."

"का गं?"

"उजेड अडतो."

मामांनी दोरी सोडली आणि मागच्या बोळात बांधली. हे सगळं त्यांच्या ध्यानात आलं ते बऱ्याच दिवसांनी, मशीनमध्ये औषध ओतताना. त्यांनी डबा खाली ठेवला आणि हातमोज्याकडे बघत उभे राहिले. शेजारी मशीन भरणारा म्हणाला, "काय झालं, साप निघाला का?" घरी येऊन ते मामीला काहीच बोलले नाहीत. तीही बोलली नाही. अशा गोष्टींवर संसार उभे असतात. पुढे मला दोघांनी हे वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांनीही बजावलं की दुसऱ्याला कळू देऊ नकोस.

त्यानंतरची अळी जगली. पण तोवर पलीकडची मोकळी जागा गेली होती. आधी पत्रे लागले, मग खोदणारं यंत्र आलं. घाणेरी मुळासकट निघाली, कमोडही निघाला. खोल खड्डा खणून झाल्यावर कुणाचं तरी कुणाशी बिनसलं आणि काम बंद पडलं. खड्ड्यात जमिनीतलं पाणी भरलं. जिथून फुलपाखरं यायची तिथून डास येऊ लागले, आणि डासांमागून ताप आला.

वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायची. मामांची ड्यूटी सकाळ-संध्याकाळ असायची, तेव्हा मामीची वेणी घालणं, तिला कुशीवर वळवणं, तिचे कपडे बदलणं हे सगळं ती करायची, आणि वर म्हणायची, "मापं घ्यायची सवय आहे मला, लाजता काय?" तिची मुलगी तापाने फणफणली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. गल्लीत रोज संध्याकाळी धूर मारायचा, असा हुकूम निघाला.

मामीच्या लिंबावर तेव्हा कोश होता. कमरेला रेशमाचा बारीक दोरा बांधून फांदीला टेकलेला. मामा मुकादमाकडे गेले.

"आमच्या गल्लीचं थोडे दिवस राहू द्या."

"का? तुम्हाला तापाची हौस आहे?"

मामांनी कारण सांगितलं. मुकादम हसला नाही. डोकं खाजवत म्हणाला, "काका, तुमच्या वरच्या बाई सकाळी इथे येऊन बसल्या होत्या. पोरगी दवाखान्यात, रक्त तपासतायत. धूर अजून का येत नाही म्हणून रडत होत्या. तुम्ही त्यांना सांगता का, फुलपाखरासाठी थांबा म्हणून? सांगत असाल तर मी थांबतो."

मामा उठले. त्यात मुकादमाचं काही चुकलं नव्हतं. कुणाचंच चुकलं नव्हतं आणि तरी सगळं तसंच होणार होतं.

मग मामांनी जमेल ते केलं. संध्याकाळी निघायच्या आधी कुंडी आत घ्यायची, खिडकी लावायची, फटींत ओली फडकी कोंबायची. आपली गल्ली ते सगळ्यात शेवटी घ्यायचे. धूर मारणारे सगळेच तसं करतात, म्हणजे काम संपलं की मशीन जमा करायला परत जाण्याआधी घरचं एकदा बघून होतं. मामीला हा क्रम पाठ होता. मशीन लांब ऐकू येतं तोवर काही नाही, पलीकडच्या चौकात ऐकू आलं की श्वास जपायचा.

एका सकाळी कोश फुटला. मामी बघत होती. ओला, सुरकुतलेला एक जीव बाहेर आला, फांदीला लटकला आणि पंखांत हळूहळू भरत गेला. काळ्यावर पिवळे ठिपके. मामीने मला सांगितलं की तिला त्या वेळी आपल्या पायांत मुंग्या आल्यासारखं वाटलं. आल्या नव्हत्या.

"सोडायचं ना?" सकाळची ड्यूटी करून आल्यावर मामांनी विचारलं.

"कुठे?"

खिडकीबाहेर पत्रे होते, खड्डा होता आणि संध्याकाळी धूर होता. उद्या लांब कुठेतरी नेऊन सोडू, असं ठरलं. मामांनी कापसावर साखरेचं पाणी ठेवलं. त्याने ते शिवलं नाही. दुपारपासून ते काचेवर धडकायला लागलं. पंखांवरची भुकटी मामीच्या पांघरुणावर पडायला लागली. मामा कामावर गेले आणि खोलीत तेवढाच आवाज राहिला. ऊन तिरकं झालं तसे पंखांचे काठ फाटू लागले. मामीने कान दिला. मशीन कुठेच ऐकू येत नव्हतं. गल्ली शेवटी, अजून वेळ आहे, तिने हिशोब केला. हात लांबवून फडकं ओढलं आणि कडी काढली.

त्या दिवशी मुकादमाने क्रम बदलला होता. शिंपीणबाईच्या मुलीचं जास्त झालं होतं, म्हणून सुरुवात मामांच्या गल्लीपासून.

मामा मशीन घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले, त्यांनी ते सुरू केलं, दोन घरं ओलांडली आणि त्यांना आपली खिडकी उघडी दिसली. गजावर फुलपाखरू बसलेलं. उजेड उतरला की ती उडत नाहीत, पंख मिटून जिथल्या तिथे बसतात. मामांनी मशीन बंद केलं. धावत खिडकीशी गेले.

"उचल त्याला, आत घे!"

"हात पोचत नाहीये. तुम्ही उचला."

मामांनी हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. हातमोजा औषधाने चिकट होता. त्यांनी तो काढला. आतला हातही तसाच होता, इतकी वर्षं तसाच होता. त्यांनी फुंकर मारली. फुलपाखराने पंख आणखी घट्ट मिटले.

वरच्या खिडकीतून शिंपीणबाईने डोकं काढलं. "मामा, बंद का केलंत? बिघडलं का मशीन?"

'हो' म्हणता आलं असतं. मामांनी वर पाहिलं. तिचे केस विंचरलेले नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "मारतो."

त्यांनी नळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळवली. पण धूर नळीच्या तोंडापर्यंतच माणसाचं ऐकतो. तो भिंतीवर आपटला, फिरला आणि खिडकीकडे आला. मामीने खिडकी लावली नाही. फुलपाखरू आत येईल म्हणून ती ठसकत, डोळे पुसत, कडीला धरून राहिली. धूर विरळ झाला तेव्हा गज रिकामा होता. मामांनी खाली वाकून फरशी पाहिली, गटाराचा काठ पाहिला. मामी पांघरूण झटकून बघत होती. मागे मुकादम मोटारसायकलचा हॉर्न वाजवत होता.

"उडालं असेल," मामी म्हणाली.

"हो," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू की तिला ऐकू आलं नाही.

शिंपीणबाईची मुलगी पुढे बरी होऊन घरी आली. धुराने की औषधाने की आपोआप, कोण सांगणार? मामीने तिला जवळ बसवून तिच्या तोंडावरून हात फिरवला. तो आनंद खरा होता, मी तिथे होतो.

त्याच सुमारास मी एकदा सकाळी गेलो, तर मामा खिडकीबाहेर रस्त्यात उभे होते. एक काळं-पिवळं फुलपाखरू कुठून तरी आलं होतं आणि अंडी घालायला पोट वाकवून लिंबाच्या कोवळ्या पानाला टेकत होतं. मामा दोन्ही हातांनी त्याला हाकलत होते, पण लागू नये म्हणून लांबूनच. ते उठायचं, गिरकी घ्यायचं आणि परत त्याच पानावर यायचं.

"इथे नको," मामा त्याला सांगत होते. "अगं, इथे नको. दुसरीकडे जा."

पलंगावरून मामी म्हणाली, "दुसरीकडे कुठे, तेही सांगा तिला."

मामांचे हात हवेतच राहिले. फुलपाखरू पानावर टेकलं.