खांदेमळणी
टर्पेंटाइनची बाटली उघडली की मला अजूनही तूप-हळदीचा वास येतो. तेव्हा आम्ही धारूरजवळ राहायचो. बैलांच्या शर्यतीवर मी स्वतः एक बोर्डगेम तयार केला होता, आणि तो सगळा आठवडा कामावरून आलो की अंगठ्याएवढे मातीचे बैल रंगवत बसायचो. रविवारी बीडहून मित्र पहिल्यांदाच तो खेळून बघायला येणार होते. लाल जोडी लई देखणी झाली होती. शिंगांची टोकं तर मी श्वास धरून रंगवली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हात धुऊन आलो, तर आई खिडकीपाशी बसून बोटाच्या टोकाने त्याच जोडीच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होती. रंग अजून ओला होता, तो तिच्या बोटावर उतरत होता. "आई, ते खेळातले हायत गं," मी म्हणालो. तिने मान वर केली नाही. "मग? यंदा दावणीला दुसरं कोण हाय?" ट्रॅक्टर आल्यावर आमची जोडी उन्हाळ्यातच विकली होती. मातीच्या कानांशी वाकून ती म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला. पुजलेले बैल शर्यतीत कसे पळवणार? रविवारी लाल जोडीच्या जागी दोन चिंचोके ठेवले. खेळ पुढे बराच सुधारला, चिंचोके मात्र तेच आहेत. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आई देव्हाऱ्यातून ती जोडी खाली काढते, तेव्हा तुपाची वाटी मीच नेऊन देतो.