पंपघरामागचं फूल

वनस्पतींच्या संग्रहालयात टाकेबाईंचं काम एकच: वाळवलेली झाडं जाड कागदावर दोऱ्यानं टाचायची. सव्वीस वर्षं त्या तेच करत आल्या होत्या. त्यांच्या जाऊबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमची धाकटी ऑफिसात गवत शिवते."

जंगल मात्र बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. ते खातं साहेबांचं. उंच डोंगरातल्या दाट रानात म्हणे एक जांभळं फूल होतं. शंभर वर्षांत ते एकदाच कुणाच्या तरी हाती लागलेलं. तो एकुलता एक नमुना इथल्या कपाटात होता आणि त्याचे उसवलेले टाके बाईंनीच दोनदा नव्यानं घातले होते. त्या फुलापायी साहेब तीनदा डोंगर चढले नि तीनदा हात हलवत परतले. दर वेळी पेट्यांना चिकटलेली रानातली माती शिपाई पंपघरामागे झटकून टाकायचा.

एक दिवस बाई तिथल्या नळावर डबा धुवायला गेल्या. ओलीत वीतभर रोप उभं होतं. पानांच्या कडेला बारीक लव, देठ एका अंगाला कललेला आणि टोकाला जांभळं फूल. बाई तिथंच बसल्या. आजवर चपटं पाहिलेलं ते फूल चांगलं गुबगुबीत होतं, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं. हे झाड पाच हजार फुटांखाली जगतच नाही, असं साहेबांनी स्वतः छापून ठेवलेलं. बाई काही वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दारातून हलेनात. शेवटी कटकट मिटावी म्हणून साहेब उठले.

गुडघे टेकून, भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. उठले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. चौथ्या मोहिमेची मंजुरी त्याच सकाळी आली होती. तंबू, वाटाडे, बावीस माणसं, सगळं ठरलेलं.

"बाई, कुणाला बोलला नाहीत ना?"

"जाऊबाईंना बोलले. त्यांना ते गवतच वाटतं."

"वाटू दे, वाटू दे."

निघायच्या दिवशी साहेब गाडीत बसले, पुन्हा उतरले आणि बाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मी शोधून येईपर्यंत त्याला रोज पाणी घालत जा."

दोन महिन्यांनी साहेब रिकाम्या हातांनी आले. झाड अतिदुर्मीळ आहे, पाचवी मोहीम काढावी, असा त्यांनी अहवाल दिला. त्या दिवशी बाई पाणी घालायला गेल्या, तर पंपघरामागे आणखी तीन रोपं उगवली होती.