नाळेचं टोक

महिपत तांडेल चाळीस वर्षं समुद्रावर होता आणि कुठल्याही निर्णयाला त्याने दोन विड्यांहून जास्त वेळ लावला नव्हता. मालगुंडच्या किनाऱ्यावर त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. नातू बारा दिवसांचा झाला आणि ही कीर्ती त्याला भोवली.

मुलगा ओमकार लोट्याला कारखान्यात होता. तिथे परदेशात राहून आलेल्या एका साहेबाने त्याला चहा पिता पिता सांगितलं, की तिकडे पोरगा जन्मला की सुंता करून टाकतात, स्वच्छता राहते. ओमकारने रत्नागिरीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गरज काही नाही, पण हवीच असेल तर सोमवारी या.

"स्वच्छतेला मी हाय की," सून राही म्हणाली. "तुम्ही सोताचे मोजे तरी धुता काय?"

मोज्यांचा विषय निघताच ओमकारने मामला वर सरकवला. "बाबा ठरवतील."

महिपतने विडी पेटवली. दुसरी पेटवली. तिसरीला त्याला घाम फुटला. खाडीपलीकडच्या दोस्ताकडे तो सुंतेचं जेवण दोनदा जेवला होता, पण तिथे पाहुण्याला कुणी मत विचारत नाही, फक्त वाढतात. शेवटी त्याने ठरवलं, ग्रामदेवीला कौल लावायचा.

कौलात एक अडचण असते. गुरव देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला फुलांचे कळे लावतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. पण त्याआधी गाऱ्हाणं घालावं लागतं, तेही मोठ्याने. रविवारी सकाळी देवळात अर्धा गाव, त्यात बायका पुढे. शिवाय देवीही बाईच.

"काय घालू गाऱ्हाणं?" दत्ताराम गुरवाने विचारलं.

महिपतने फरशीकडे बघत सांगितलं, "आमची ती... नवीन होडी. तिच्या नाळेचं टोक थोडं तासायचं म्हणतात. तासू का नको?"

होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, आणि महिपतची नवी होडी खरोखरच किनाऱ्यावर उभी होती. कुणाला काही खटकलं नाही.

"बा देवी, तुझ्या लेकराच्या होडीची नाळ..."

"व्हय महाराजा!" गाव गरजलं. उजवा कळा टपकन पडला.

त्या गर्दीत होडी बांधणारा रावजी सुतारही होता. आपली नाळ देवीला लांब वाटली, हे त्याच्या जिव्हारी लागलं. महिपत विचार करत रमतगमत किनाऱ्यावर पोचला, तोवर रावजीची करवत नाळेत अर्ध्यावर आली होती. थांबवायचं तर खरं सांगावं लागणार. महिपत भुसा पडताना बघत राहिला.

घरी आला तेव्हा ओमकार नुकताच उठला होता. "काय म्हणाली देवी?"

"व्हय म्हणाली." महिपतच्या डोळ्यांसमोर अजून तो भुसाच होता. "कापलं पण. हातभर."

ओमकारचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. तो पाळण्याकडे धावला आणि त्याने लंगोट सोडला. सगळं जागच्या जागी होतं. मोकळ्या झालेल्या पोराने तेवढ्यात आपलं मत दिलं. ते कमानीसारखं वर जाऊन नेमकं बापाच्या शर्टावर पडलं.

"मग? उद्या जायचं ना रत्नागिरीस?" राहीने पाळण्याआडून विचारलं.

"काय नको," ओमकार शर्ट पुसत म्हणाला. "हाय ते राहू दे."

महिपतने चौथी विडी पेटवली.

नवी होडी आता जरा लाट आली की तोंडाने पाणी घेते. कुणी हटकलं तर महिपत म्हणतो, "देवीचा कौल हाय," आणि शेजारी पाणी उपसणारा रावजी भक्तिभावाने मान डोलावतो.