लेखी काही आलं नव्हतं

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरलीनं सांगितलं की तिला अख्ख्या विभागाची प्रमुख केलं आहे. मग म्हणाली, "आजी, तू तर एवढी मोठी जिनिंग चालवलीस. वरच्या खुर्चीत बसणाऱ्याला चांगलं नेतृत्व करायला काय लागतं? मला पाच मुद्दे लिहून दे ना." मला आनंद झाला. वही काढली, समास आखला आणि मुद्दे लिहिले: वेळ पाळणं, कामाची नीट वाटणी, प्रत्येक गोष्टीची नोंद, सगळ्यांना एकच नियम, रागावर ताबा. पान पुन्हा वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. हे पाचही गुण माझ्याकडे होते. ज्या दिवशी मी सगळ्यात वाईट वागले, त्या दिवशीही होते.

म्हणून मुद्द्यांऐवजी त्या दिवसाबद्दल लिहिते. तुमच्या आईलाही मी हे कधी पूर्ण सांगितलेलं नाही. धाकट्यानंही वाचावं.

नालवाडीच्या या घरात येण्याआधी आम्ही हिंगणघाटला राहत होतो. तिथल्या एका खासगी जिनिंगमध्ये मी जनरल मॅनेजर होते. शेतकऱ्यांकडून आलेला कापूस अंगणात गंजी घालून, म्हणजे मोठा ढीग रचून ठेवायचा, यंत्रावर त्याची सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, असं ते काम. माझ्या आधीचे मॅनेजर रोज सकाळी गंज्यांमधून चक्कर मारायचे आणि चहाच्या वेळी कडुनिंबाखालच्या दगडावर बसायचे. ज्याला जे सांगायचं ते तो तिथे येऊन सांगायचा. माझं शिक्षण नागपूरच्या इंग्रजी शाळेत झालेलं. मला हा सगळा कारभार गबाळा वाटला. पहिल्याच महिन्यात मी केबिनबाहेर एक रजिस्टर ठेवलं. तक्रार असो की सूचना, ती त्यात लिहायची, खाली मुकादमाची सही हवी, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर माझा शेरा पडायचा. संचालक खूश होते. माझ्यासारखं स्वच्छ टेबल त्या जिनिंगमध्ये आजवर कुणाचं नव्हतं.

एका दुपारी एक रेजा केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. रेजा म्हणजे अंगणात कापसातला कचरा वेचणारी मजूर बाई. ही चाळिशीची होती आणि त्या अंगणात माझ्याहून जुनी.

"मॅडम, भिंतीकडची गंजी गरम लागून राह्यली."

"किती गरम?"

"कोपरापर्यंत हात घातला त टेकवत नाई. परवाचा माल वलसर होता. आतून धुमसून राह्यली असन."

ओलसर कापूस दाबून राहिला की आतल्या आत तापतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी म्हटलं, "रजिस्टरमध्ये लिहा."

"मले लिवता येते का, मॅडम?"

"मग मुकादमाकडून लिहून घ्या."

"मुकादम समुद्रपूरले गेले. उद्या येतीन."

"उद्या आणा मग."

ती गेली. बाहेरून तिच्या सोबतिणींचं बोलणं ऐकू आलं.

"काय म्हने वं मॅडम?"

"लिवून आन म्हने."

"घ्या! गंजीले ताप आला, त डॉक्टरची चिठ्ठी पायजे!"

सगळ्या हसल्या. मी खिडकी लावून घेतली आणि हातातलं काम पुढे चालू केलं. ती गंजी माझ्या खुर्चीपासून चाळीस पावलांवर होती.

सुटी व्हायच्या वेळी ती रेजा एकटीच आतला तापलेला माल काढायला गंजी उकरू लागली. आतल्या धुमसत्या कापसाला हवा लागली आणि भडका उडाला. सगळ्यांनी धावून पाणी मारलं, वाळू टाकली. ती गंजी गेली, शेजारची अर्धी गेली. जीव कुणाचा गेला नाही. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चार दिवसांनी संचालक चौकशीला बसले. ती हाताला पट्टी बांधून दारात उभी होती. अध्यक्षांनी मला विचारलं, "गंजी तापल्याचं आधी कुणी कळवलं होतं?"

रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. मी म्हटलं, "लेखी काही आलं नव्हतं."

वाक्य खरं होतं. बोलण्याआधी मी ते मनात इंग्रजीतून जुळवून पाहिलं होतं, आपण कुठे सापडणार तर नाही ना म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आता पुढचं बोलेन म्हणून ती थांबली आहे, हे मला कळत होतं. मी रजिस्टर मिटलं. परवानगीशिवाय गंजी उघडल्यामुळे आग लागली, असा अहवाल झाला. त्यावर मी सही केली. तिला कामावरून काढलं.

त्यानंतर केबिनच्या दारात कुणी आलं नाही. रजिस्टरमध्ये मात्र सूचना येत राहिल्या, पाण्याचा माठ फुटला, दिवा गेला, अशा. यंत्राचा पट्टा झिजलाय हे मला तो तुटल्यावर कळायचं. मी त्याला शिस्त म्हणत असे, आणि निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिले.

तेव्हा थोरले, मला सांगता येण्यासारखं इतकंच आहे. तुझ्या हाताखालच्या शेवटच्या माणसाला वाईट बातमी घेऊन तुझ्यापर्यंत येता येतं का, ते बघ. आली की खुर्चीतून ऊठ आणि जाऊन बघ. आणि नंतर कुणी विचारलं तर चारचौघांत सांग, की मला सांगितलं होतं.

तुझ्या फोननंतर, बुधवारी, मी एसटीनं समुद्रपूरला गेले. ती रेजा तिथे राहते हे मला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. ती ओसरीवर तूर निवडत होती, डाव्या हातानं. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. मी एक पत्र लिहून नेलं होतं: तुम्ही मला वेळेवर सांगितलं होतं, चूक माझी होती, खाली सही. तिच्या सुनेनं ते मोठ्यानं वाचलं.

"हा कागद कायले आनला?" तिनं विचारलं.

"खरं काय ते त्यात आहे."

"खरं मले मालूम हाय. त्या साहेबायले मालूम नवतं. तवा तोंडानं बोलाचं होतं, मॅडम." मग ती सुनेकडे बघून हसली. "मी तोंडानं सांगतलं त यायले कागद पायजे होता. आता पाह्य, कागद घेऊन आल्या! चहा मांड वं."

चहा झाला. मी निघताना तिनं पत्राची घडी घालून माझ्या हातात परत दिली. "राहू द्या तुमच्यापाशी. तुमाले कागद जपता येते."

ती जिनिंग आता दुसऱ्या मालकाकडे आहे. रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं. अहवालाची माझी प्रत आहे आणि तिनं परत केलेलं पत्र आहे. दोन्ही एकाच फायलीत, माझ्या कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात आहेत.