एक जूनचे महाराज

जळगावातल्या आमच्या मेहरूणच्या वाचनालयात एका महाराजांचा वाढदिवस झाला तेव्हा मी चिटणीस होते. चिटणीस म्हणजे खुर्च्या मोजण्यापासून कूलरमध्ये पाणी ओतण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. महाराज सातपुड्यापलीकडच्या एका जुन्या संस्थानाचे. राज्य कधीच गेलं, आंब्याची बाग राहिली, आणि तिला ठिबक बसवायचं म्हणून ते दोन दिवस जळगावला आले होते. आमचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी, त्यांचे पूर्वज कधीकाळी त्याच संस्थानात दुकान चालवायचे. महाराजांचा वाढदिवस याच दोन दिवसांत येतोय असं कळताच शेठजींनी मला न विचारता घरोघर पत्रकं वाटली. सर्वांना आग्रहाचं निमंत्रण, आमरस-पुरीची सोय, तारीख एक जून.

तारीख वाचून मी कपाळावर हात मारला. शेठजींना काही कळेना. त्यांच्या घरी मूल जन्मलं की मिनिटासकट वेळ लिहून कुंडली होते. आमच्याकडे गुरुजी होते. शाळेत नाव घालायला आलेल्या बाईला पोराची जन्मतारीख विचारली तर ती सांगायची, गारपीट झाली होती ना, त्या साली. मग गुरुजी पोराला हात डोक्यावरून घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, आणि तारीख एक जून. माझ्या आधीच्या पिढीतला अर्धा खानदेश असा एकाच दिवशी जन्मला आहे.

त्यातले एक गुरुजी माझ्याच घरात राहतात. माझे वडील, नाना. शिरपूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी उभी हयात मास्तरकी केली. नानांना महाराजांना बघायची फार इच्छा होती, कारण लहानपणी या महाराजांच्या आजोबांची मोटार गावाबाहेर चिखलात रुतली तेव्हा ढकलणाऱ्यांत नानाही होते. पण वाचनालयात यायचं म्हटलं की ते विषय बदलायचे. दोन गल्ल्या सोडून राहणारा त्यांचा जुना विद्यार्थी, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असायचा. गुरुजींनी माझं वय एका वर्षानं वाढवलं, त्यामुळे वर्षभर आधी निवृत्त झालो आणि शिरपूरच्या गाडीवरचं शेवटचं वर्ष बुडालं, असं तो चारचौघांत ऐकवायचा. रस्त्यात नाना दिसले तर मान फिरवायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि नानांचाही. ते एवढंच म्हणायचे, लिहिलं ते मीच ना.

त्या दिवशी मी हट्टानं त्यांना नेलं आणि तिसऱ्या रांगेत खांबाआड बसवलं. त्यांनी टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली.

महाराज आले ते साध्या बुशशर्टात. फेटा नाही, मिशी नाही. शेजारची अक्का त्यांच्याचसमोर उभी राहून मला विचारत होती की महाराजांना यायला अजून किती वेळ आहे. केक किल्ल्याचा होता. दोन कूलर लावूनही जळगावच्या उन्हानं आपलं काम केलं आणि डावा बुरूज खचून खंदकात आला. शेठजी घाम पुसत माफी मागू लागले. महाराज म्हणाले, आमचा खरा किल्लाही आता असाच आहे. मला माणूस आवडला.

इथवर सगळं ठीक होतं. मग शेठजींना भरून आलं आणि त्यांनी माइकवरून जाहीर केलं की महाराजांसोबत आज आणखी कुणाचा वाढदिवस असेल तर त्यांनीही स्टेजवर यावं. दोन-तीन लहान मुलं येतील असा त्यांचा हिशेब. मी मागून हातवारे करत राहिले, पण खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. धोतरवाले, काठीवाले, गुडघे धरून उठणारे, नऊवारीतल्या दोघी, सगळे निघाले. पस्तीस-चाळीस जण वर चढले आणि स्टेज करकरलं. महाराज खुर्ची घेऊन मागे सरकले आणि हा काय चमत्कार, असं शेठजींना विचारू लागले.

उत्तर वर चढलेल्यांतल्या कंडक्टरनं दिलं. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "महाराज, आम्हाला जन्माला घालणारे एक गुरुजी त्या खांबामागे बसलेत." मग त्यानं बुडालेल्या वर्षाची कहाणी सांगितली. सभागृह खदखदून हसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माइक हिसकावायला निघाले, तेवढ्यात नाना उठले. काठी टेकत स्टेजपर्यंत गेले, चढले, आणि थेट कंडक्टरसमोर उभे राहिले.

"तुझा हात कानाला लागत नव्हता," ते म्हणाले. "तुझी आई मागून कोपर ढकलत होती."

कुणी हसलं नाही. नानांनी हळूहळू सगळं सांगितलं. आई म्हणाली, यंदा घरी राहिला तर गुरांमागं जाईल आणि पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही. म्हणून त्यांनी एक वर्ष वाढवून लिहिलं. पोराला कळू देऊ नका, अशी तिनं शपथ घातली होती. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली, म्हणून आज सांगतोय, म्हणाले. इतकी वर्षं नाना चारचौघांत बोलणी खात होते आणि मी त्यांना भित्रे समजत होते, याची मला तिथेच लाज वाटली.

कंडक्टरनं माइक खाली ठेवला आणि तो अहिराणीवर आला. "गुरुजी, मंग मना खरा वाढदिवस कवय शे?"

नानांना आठवावंही लागलं नाही. "आखाजीना दुसरा दिन. झोका आजून झाडलेच व्हता, तुनी मायनी सांगं व्हतं."

आखाजी, म्हणजे आमची झोक्यांची अक्षय्य तृतीया, होऊन महिना उलटला होता. कंडक्टर स्टेजवरून उतरला. मला वाटलं, चिडून निघाला. पण तो तिसऱ्या रांगेत, नानांच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला. आज त्याचा वाढदिवस नव्हता. महाराजांनी नानांचा हात धरून किल्ल्यात सुरी घातली तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या त्याच्या होत्या.

पंगतीत तो नानांच्या समोर बसला. वाटीतला रस तसाच होता. मी पुऱ्या वाढायला वाकले तेव्हा तो उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान चाचपत होता. मी विचारलं, काय झालं भाऊ? तो म्हणाला, "आता लागतोय."